रक्त वाढत नाही? एकदा किडनी तपासून घ्या

मालेगावच्या एका वाचक भगिनीने विचारले आहे, ‘सासऱ्यांचे हिमोग्लोबिन सात आहे. वर्षभर लोहाच्या गोळ्या झाल्या, पालक-बीट झाले, रक्त काही चढत नाही. आता डॉक्टर म्हणतात किडनी खराब आहे, दर आठवड्याला इंजेक्शन घ्या. रक्ताचा आणि किडनीचा संबंध काय?’

प्रश्न रास्त आहे. एक अख्खे वर्ष हातचे गेले याची मात्र हळहळ वाटते.

लाल रक्तपेशी तयार होतात हाडांच्या मगजात, दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास. पण किती तयार करायच्या हे मगज आपल्या मनाने ठरवत नाही. रक्तात प्राणवायू कमी पडला की ते किडनीला कळते आणि किडनी एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडते. ‘पेशी वाढवा’ असा हा मगजाला निरोपच. (थोडे यकृतातही तयार होते, पण ते पुरत नाही.) किडनी निकामी होत गेली की हा निरोप आटतो. मग लोह कितीही खा. वीटभट्टीवर माती आहे, मजूर आहेत, पण काम सुरू करा म्हणणाराच नाही, अशी गत होते.

किडनी बरीच खराब होईपर्यंत लघवी नेहमीसारखी होत राहते, म्हणून संशय येत नाही. मधुमेह किंवा बीपी असेल, किंवा सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत कंबर दुखते म्हणून दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून रोज खाण्याची सवय असेल, आणि रक्तही कमी असेल, तर क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने तपासून घ्यावीत. या तपासण्या साध्या आहेत.

हे औषध सहज हाती आलेले नाही. जपानच्या ताकाजी मियाके यांनी रक्ताच्या एका आजाराच्या रुग्णांची तब्बल २,५५० लिटर लघवी जमवली, आटवली आणि अमेरिकेत शिकागोला युजीन गोल्डवासर यांच्याकडे नेली. त्यातून १९७७ मध्ये शुद्ध एरिथ्रोपोएटिन मिळाले, तेही काही मिलिग्रॅम! पुढे फू-कुएन लिन यांनी त्याचे जनुक शोधले, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींकडून ते तयार करून घेता आले आणि १९८९ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली. त्याआधी डायलिसिसच्या रुग्णांना पुन्हा पुन्हा रक्त चढवण्यावाचून गत्यंतर नसे. आज हे इंजेक्शन भारतातही बनते. २०२२ पासून डेसिडुस्टॅट नावाची गोळीही आली आहे. ती शरीराला स्वतःचे एरिथ्रोपोएटिन वाढवायला लावते.

इथे सिकलसेलबद्दल बोलणे भाग आहे, कारण विदर्भात आपल्या समाजातील अनेक घरांत तो आहे. ‘रक्त कमी म्हणजे हेच इंजेक्शन’ असे कोणी समजू नये. सिकलसेलमध्ये किडनीचा निरोप जोरात जात असतो. निरोगी पेशी १२० दिवस जगते, सिकलची जेमतेम १० ते २० दिवस, म्हणून भरती पुरत नाही. तिथला नेहमीचा आधार हायड्रॉक्सीयुरिया. मात्र वर्षानुवर्षांच्या सिकलसेलने किडनीही खराब होते. तेव्हा या इंजेक्शनचा विचार तज्ज्ञ करतात, तोही फार जपून, कारण रक्त घट्ट झाले तर सिकलच्या वेदना उसळतात.

इंजेक्शन सुरू केल्यावर बीपी वाढू शकते, म्हणून ते मोजत राहावे. हिमोग्लोबिन तेरा-चौदावर नेण्याचा हट्ट धरू नये. ते फार चढवले तर पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. साधारण दहा-साडेअकराच्या मध्ये राहिले तरी चालते. कर्करोगाच्या काही रुग्णांनाही केमोथेरपी चालू असताना हे देतात, पण तिथे धोका जास्त, निर्णय तज्ज्ञाचाच.

औषध २ ते ८ अंशांत ठेवायचे, बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठले की वाया गेले. वाशीम किंवा अकोल्याहून मे महिन्यात आणायचे तर औषध दुकानातून बर्फाची पिशवी मागून घ्या, कुपी कापडात गुंडाळा, बर्फाला टेकू देऊ नका, जोरात हलवू नका.

आणि ताई, लोहाच्या गोळ्या बंद करण्याची घाई नको. इंजेक्शनने निरोप पोहोचला की मगजाला माती लागणारच. सासऱ्यांचे फेरिटिन तपासले आहे का, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना जरूर विचारा. ते कमी असेल तर किडनीच्या रुग्णांना लोह बहुधा शिरेतून द्यावे लागते.