आधी क्लब, मग खेळ

जुलै २०११ मध्ये लंडनच्या सदबीज लिलावगृहात एका फुटबॉल क्लबने आपलं दप्तर विकायला काढलं. सभांच्या जुन्या वह्या, १८५८ साली हाताने लिहिलेला नियमांचा खर्डा आणि १८५९ मध्ये छापलेली एक बारीकशी नियमपुस्तिका. या पुस्तिकेची दुसरी प्रत शिल्लक असल्याचं कुणाला ठाऊक नव्हतं. सगळं मिळून ८,८१,२५० पौंडांना गेलं. विकणारा क्लब होता शेफील्ड फुटबॉल क्लब. शेफील्ड वेन्झडे आणि शेफील्ड युनायटेड ही त्याच शहरातली मोठी नावं, ती वेगळी आणि बरीच नंतरची. हा क्लब इंग्लिश फुटबॉलच्या खालच्या थरातल्या लीगमध्ये खेळतो आणि त्याचं मैदानही शहरात नाही, शेजारच्या डर्बीशायरमधल्या ड्रॉनफील्ड गावात आहे. २००४ मध्ये फिफाने शताब्दीनिमित्त आपला मानाचा ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ दोनच क्लबांना दिला. एक रेआल माद्रिद, दुसरा हा.

रेआल माद्रिदला तो मान कशासाठी मिळाला हे सांगायला नको. शेफील्डला मिळाला तो वयासाठी. २४ ऑक्टोबर १८५७ ही त्यांची स्थापनेची तारीख, आणि आजही असोसिएशन फुटबॉल खेळणाऱ्या क्लबांत सर्वांत जुना ही त्यांची ओळख. या वाक्यात ‘असोसिएशन’ हा शब्द सहज येऊन बसला आहे. माझ्या मते सगळी भानगड त्या एका शब्दात आहे, कारण १८५७ मध्ये फुटबॉल असोसिएशन नव्हतीच. ती १८६३ च्या ऑक्टोबरात लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये जन्मली. मग आधीची सहा वर्षं हा क्लब खेळत काय होता?

तर शेफील्ड खेळत होता. म्हणजे स्वतःचाच खेळ. नॅथानिएल क्रेस्विक आणि विल्यम प्रेस्ट हे क्लबचे दोघे संस्थापक. क्रेस्विक वकील, प्रेस्ट वाइनचा व्यापारी, दोघेही क्रिकेटवाले. हिवाळ्यात क्रिकेट बंद असताना अंग मोकळं राहावं म्हणून क्लब काढला. पण खेळायचं कुणाशी? आसपास दुसरा क्लबच नव्हता. म्हणून सभासद आपसांतच सामने लावत: विवाहित विरुद्ध अविवाहित, किंवा ज्यांची आडनावं मुळाक्षरांच्या पहिल्या अर्ध्यात येतात ते विरुद्ध उरलेले. संघ ओळखू यावेत म्हणून प्रत्येकाने एक लाल आणि एक गडद निळी फ्लॅनेलची टोपी बाळगावी, असं नियमातच लिहिलं होतं. हॅलम क्लब १८६० मध्ये निघाला आणि त्या वर्षीच्या २६ डिसेंबरला या दोघांचा सामना सँडीगेटच्या मैदानावर झाला. ते मैदान आजही वापरात आहे, आणि जगातलं सर्वांत जुनं फुटबॉल मैदान म्हणून त्याचाही मान वेगळा राखला जातो.

शेफील्डच्या नियमांत चेंडू हातात घेऊन पळायला बंदी होती, नडगीवर लाथ मारायला आणि पाय घालून पाडायलाही. पण हवेतला चेंडू हाताने झेलता येत होता, तसा झेलला की फ्री किक मिळे. हाताने ढकलणं चाले. पुढे काही वर्षं त्यांनी ईटन शाळेच्या खेळातून ‘रूज’ नावाचा दुय्यम गुण उचलला. गोलखांबांच्या दोन्ही बाजूंना आणखी निशाणं लावायची, त्यांच्यामधून गेलेला चेंडू जाऊन हाताने जमिनीवर टेकवला की रूज. गोल सारखे झाले तर रूज मोजायचे. १८६७ ची युडन चषकाची अंतिम लढत ब्रॅमॉल लेनवर झाली. हॅलमने ती जिंकली, एकही गोल न करता, दोन रूजच्या जोरावर. आज रग्बीत ज्याला ‘ट्राय’ म्हणतात त्याचा हा चुलतभाऊच. गोल अरुंद, रूजची जागा शेजारी, आणि निकाल तिथेच. फुटबॉलच्या पहिल्या चषकांपैकी एक असा गेला!

लंडनवाल्यांचंही फार वेगळं नव्हतं. ३१ मार्च १८६६ रोजी बॅटरसी पार्कात लंडन आणि शेफील्ड लंडनच्या नियमांनी खेळले. लंडन जिंकलं, दोन गोल आणि चार ‘टच-डाउन’नी. असोसिएशन फुटबॉलमध्ये टच-डाउन! तेव्हाच्या लंडनच्या नियमांत ते बसत होतं. शेफील्डच्या खेळाडूंनी चेंडू डोक्याने मारला तेव्हा लंडनकरांना हसू आलं, असंही सांगतात. पुढे कॉर्नर किक शेफील्डकडून लंडनने उचलली. शेवटी १८७७ मध्ये दोन्हींकडचे नियम एक झाले. म्हणजे जगातल्या सर्वांत जुन्या असोसिएशन फुटबॉल क्लबने आयुष्याची पहिली वीस वर्षं मुख्यतः वेगळ्याच नियमांचं फुटबॉल खेळण्यात घालवली. सर्वांत जुना हा किताब त्याला मागाहून, पुढच्या खेळाच्या नावाने मिळाला आहे.

रग्बीकडे वळलं की तिढा आणखी वाढतो. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलच्या क्लबचा दावा १८४३ चा, आणि जगातला सर्वांत जुना रग्बी क्लब म्हणून त्याचं नाव विक्रमांच्या पुस्तकातही गेलं. आधार काय? १८८३-८४ च्या हंगामाचं सामन्यांचं कार्ड. त्यावर हा क्लबचा चाळिसावा हंगाम असल्याची नोंद. मागे मोजत जा, साल मिळतं. नीट बोटं मोजली तर एखादं वर्ष इकडेतिकडेही होतं. चाळीस वर्षांनंतर कुणीतरी एका कार्डावर जे छापलं त्यावर एवढा डोलारा उभा आहे. ते कार्ड खोटं आहे असं मी म्हणत नाही. वैद्यकीचे विद्यार्थी १८४३ मध्ये चेंडू लाथाडत नसतील असं मानायला कारण नाही. पण ते रग्बी खेळत होते हे कशावरून? रग्बी शाळेतले पहिले लेखी नियम १८४५ चे. रग्बी युनियन १८७१ ची. एक खेळ कागदावर येण्याआधी दोन वर्षं त्या खेळाचा क्लब निघाला, हे पचवायला जरा जड जातं.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या क्लबचं पारडं माझ्या लेखी जास्त जड. त्यांचं साल १८५४, आणि १८५५ च्या डिसेंबरातली वर्तमानपत्रातली बातमी त्या काळातच छापलेली आहे, नंतरच्या आठवणीतली नाही. तिथून पुढचा धागाही बऱ्यापैकी सलग. लिव्हरपूल या रग्बी क्लबचा दावा १८५७ चा, ब्लॅकहीथ या क्लबचा १८५८ चा. हे दोघे म्हणतात की ट्रिनिटी कॉलेजचा, गाय्ज हॉस्पिटलचा, आम्ही सर्वांना खुले. खरं तर या स्पर्धेत विशेषणांचाच खेळ जास्त चालतो. ‘सर्वांत जुना’ हे एकट्याने मिळत नसेल तर पुढे ‘खुला’ लावा, ‘अखंड’ लावा, ‘व्यावसायिक’ लावा. फुटबॉलमधला नॉट्स काउंटी १८६२ म्हणवून ‘सर्वांत जुना व्यावसायिक’ ठरतो, आणि त्याची रीतसर स्थापना १८६४ ची. स्टोक सिटीच्या चिन्हावर १८६३ आहे. पण क्लब काढणारा हेन्री अल्मंड आणि पहिला सामना यांचा माग लागतो तो १८६८ मध्ये.

ब्लॅकहीथची कथा मात्र नुसती वयाची नाही. १८६३ मध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापणाऱ्यांत ब्लॅकहीथ होता. नियम ठरवायला एकामागून एक बैठका झाल्या आणि घोडं अडलं ते नडगीवर लाथ मारण्यावर. ती बंद करायची असं बहुमत झुकलं तेव्हा ब्लॅकहीथचे कॅम्पबेल खवळले. त्यांच्या मते हे काढलं तर खेळातला दमच जाणार, मग आठवडाभर सराव केलेले फ्रेंचही इंग्रजांना हरवतील. ब्लॅकहीथने असोसिएशन सोडली. आठ वर्षांनी रग्बी युनियन स्थापन झाली तिथेही ब्लॅकहीथ संस्थापकांत, आणि युनियनने पहिल्याच नियमांत नडगीवरची लाथ बंद करून टाकली. ज्या लाथेवरून दोन खेळांची फारकत झाली ती दोघांनीही टाकली. या क्लबला फुटबॉलचा संस्थापक म्हणायचं की रग्बीचा? दोन्ही दप्तरांत त्याचं नाव आहे.

कागद आहे, वयही आहे, पण तरी हरला असा क्लब एडिनबर्गचा. जॉन होप या तरुणाने १८२४ मध्ये तिथे ‘फुटबॉल क्लब’ एवढ्याच नावाने मंडळी जमवली. सभासदांच्या याद्या, हिशेब, नियम, सगळं स्कॉटलंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. शेफील्डपेक्षा तेहतीस वर्षांनी थोरला. पण १८४१ मध्ये तो बंद पडला, म्हणून ‘आजही खेळणारा’ या अटीत बसत नाही. सलगतेची ही अट एका टोकाला अशी कडक, तर दुसऱ्या टोकाला तिचं काय होतं पाहा. क्रिस्टल पॅलेस हा प्रीमियर लीगमधला क्लब १९०५ चा समजला जाई. २०२० मध्ये त्यांनी जाहीर केलं की आपण १८६१ चे. २०२२ पासून ते साल चिन्हावरही आलं. १८६१ मध्ये सिडनहॅमच्या ‘क्रिस्टल पॅलेस’ या काचमहालाच्या बागेत एक हौशी क्लब खरोखरच होता. असोसिएशनच्या संस्थापकांत होता, एफए चषकाच्या पहिल्याच हंगामात उपांत्य फेरीपर्यंत गेला होता. पण १८७० च्या दशकाच्या मध्यानंतर त्याचा ठावठिकाणा लागत नाही. मधली तीसेक वर्षं रिकामी. दोन्ही क्लबांमागे महालाची तीच कंपनी होती, हा त्यांचा युक्तिवाद. मला तो पटत नाही. घर तेच राहिलं तरी भाडेकरू तेच असतात असं नाही. पण नव्या चिन्हाचे शर्ट विकले गेलेच.

ऑस्ट्रेलियात हा वाद वेगळ्या वाटेने जातो. टॉम विल्स रग्बी शाळेत शिकून मेलबर्नला परतला आणि १० जुलै १८५८ च्या क्रीडापत्रात त्याचं पत्र छापून आलं: क्रिकेटपटूंनी हिवाळ्यात फुटबॉल क्लब काढावा. त्या ऑगस्टमध्ये स्कॉच कॉलेज आणि मेलबर्न ग्रामर यांचा, बाजूला चाळीस-चाळीस मुलं असलेला, तीन शनिवार चाललेला सामना झाला आणि बरोबरीत सुटला. नियम मात्र १७ मे १८५९ ला लिहिले गेले. विल्स, हॅमर्स्ली, थॉम्प्सन आणि थॉमस स्मिथ हे चौघं एका हॉटेलात बसले. विल्सचं मन रग्बीकडे ओढत होतं, स्मिथ डब्लिनच्या ट्रिनिटीचा, उरलेले दोघे केंब्रिजचे. चारही जण जिथे शिकले तिथलं फुटबॉल ओळखत होते, आणि कठीण मैदानावर कामधंद्याच्या माणसांना हाडं मोडून चालणार नाहीत असं ठरवून त्यांनी कुठलंच उचललं नाही. मेलबर्न क्लब आपलं साल १८५८ धरतो. त्यांचा खेळ पुढे ऑस्ट्रेलियन फुटबॉल झाला. तिथल्या आदिवासींच्या ‘मार्नग्रुक’ या चेंडूच्या खेळाचा त्यावर ठसा आहे का, यावर इतिहासकारांचे दोन तट पडले आहेत. विल्सचं बालपण आदिवासी मुलांत गेलं, त्यांची भाषा त्याला येत होती. नियमांच्या कागदात मात्र त्या खेळाचा उल्लेख नाही. इथेही कागदावर जे आलं तेच मोजलं जातं, आणि कागद कुणाच्या हातात होता हा प्रश्न तसाच राहतो.

कागदाशिवायही काम भागतं, याचा नमुना रग्बीनेच दिला आहे. रग्बी शाळेतल्या विल्यम वेब एलिस नावाच्या मुलाने १८२३ मध्ये चेंडू उचलून धाव घेतली ही गोष्ट पहिल्यांदा छापली गेली १८७६ मध्ये. सांगणारे मॅथ्यू ब्लॉक्सम प्रत्यक्षदर्शी नव्हते आणि एलिस चार वर्षांपूर्वीच वारला होता. १८९५ मध्ये माजी विद्यार्थ्यांनी चौकशी केली, ठोस काही हाती आलं नाही, तरी शाळेत दगडी पाटी बसली. आज रग्बीचा विश्वचषक त्याच्याच नावाचा आहे. बॉस्टनच्या मैदानात १९२५ मध्ये ओनायडा नावाच्या क्लबचं स्मारक उभं राहिलं, १८६२ चा, अमेरिकेतला पहिला फुटबॉल क्लब म्हणून. स्मारक उभारण्यात हयात असलेले त्याचे म्हातारे खेळाडू पुढे होते. साठ वर्षांनंतरच्या त्या आठवणीत खरं किती आणि सजवलेलं किती, यावर अलीकडे संशोधकांनी जोरात बोट ठेवलं आहे.

आपल्याकडचा या कथेतला धागा कोलकात्यात आहे. १८७२ च्या नाताळात तिथल्या ब्रिटिशांनी वीस विरुद्ध वीस असा रग्बीचा सामना खेळला, एकीकडे इंग्लंड, दुसरीकडे स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स. त्यातून कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला. नाव फुटबॉल, खेळ रग्बी. तेव्हा यात कुणाला विसंगती दिसत नव्हती. उन्हाळा, पोलो आणि टेनिस यांनी पाचेक वर्षांत क्लब खिळखिळा केला. शिल्लक पैसे चांदीच्या रुपयांत काढले, २७० रुपये वितळवले आणि नागांच्या तीन मुठी व झाकणावर हत्ती असलेला चषक घडवून लंडनला रग्बी युनियनकडे पाठवला. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्यासाठी झुंजतात. १९८८ मध्ये दोन खेळाडूंनी रात्री एडिनबर्गच्या रस्त्यावर त्याला लाथाडून चेपवला, तोही दुरुस्त होऊन परत आला.

काही वर्षांनी त्याच नावाचा क्लब कोलकात्यात पुन्हा उभा राहिला, आणि हा असोसिएशन फुटबॉलकडे वळून आयएफए शील्ड ही स्पर्धा अनेकदा जिंकला. १९६५ मध्ये तो शहरातल्या क्रिकेट क्लबात विलीन झाला. कलकत्ता क्रिकेट अँड फुटबॉल क्लब या एकत्र नावाने आज तिथे क्रिकेट, फुटबॉल आणि रग्बी असे सगळे खेळ चालतात. स्थापनेचं साल म्हणून तो १७९२ लावतो. हे साल क्रिकेट क्लबचं. रग्बी शाळेच्या पहिल्या लेखी नियमांना तेव्हा ५३ वर्षं बाकी होती.