मध जखमेवर चालतो, पण बरणीतला नव्हे

तव्याचा चटका बसला की घरातून हमखास आवाज येतो, "अगं, मध लाव, नाहीतर तूप तरी चोळ!" या सल्ल्यात थोडं तथ्य आहे आणि बराच धोकाही.

मध म्हणजे नुसता आजीबाईचा बटवा, त्याला शास्त्राचा आधार नाही, असं शिकलीसवरली माणसंही म्हणतात. ते खरं नाही. मधात सुमारे ८० टक्के साखर असते. ती पाणी ओढून घेते, त्यामुळे जिवाणूंना वाढायला ओल उरत नाही. शिवाय मध आम्लधर्मी. मधमाशी त्यात ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर मिसळते. घट्ट मधात ते जवळपास निपचित असतं. जखमेतून झिरपणाऱ्या लशीने मध पातळ झाला की ते जागं होतं आणि थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करत राहतं. जंतू मारायला पुरेल, इतपतच.

आपल्या सोलापुरात डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांवर मध आणि नेहमीचं सिल्व्हर सल्फाडायझिन मलम यांची तुलना केली. १९९१ साली ती 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'त छापून आली. मध लावलेल्या जखमा लवकर भरल्या होत्या. पुढे वैद्यकीय संशोधनांच्या २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यानेही वरवरच्या भाजण्यात मध नेहमीच्या काही पट्ट्यांपेक्षा सरस ठरवला. मधुमेह्यांच्या पायाच्या जखमांबाबत मात्र ठाम पुरावा मिळाला नाही.

मग स्वयंपाकघरातला मध लावावा का? नाही. 'शुद्ध' म्हणजे निर्जंतुक नव्हे. मधात बोटुलिनम जिवाणूचे बीजाणू असू शकतात. कडक तापवावा तर ते विकरच नष्ट होतं. म्हणून जखमेसाठीचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. चमचे बुडवून बुडवून अर्धी झालेली बरणी त्याची जागा घेऊ शकत नाही.

तुपाचा मुद्दा आला की सुश्रुताचं नाव पुढे येतं. मध-तूप त्याने सांगितलं आहेच, पण व्रणाचे म्हणजे जखमेवरचे तब्बल साठ उपचार सांगितले आहेत. त्यातला एकच उचलून ताज्या चटक्यावर थापणं ही त्याची शिकवण नव्हे. तुपाने उष्णता कातडीत कोंडली जाते.

जखमेवर शेण लावण्याबद्दल तर मला जराही सवलत द्यावीशी वाटत नाही. जनावरांच्या विष्ठेत धनुर्वाताचे बीजाणू असतात. उघड्या जखमेवर किंवा बाळाच्या नाळेवर शेण कधीच लावू नका.

भाजलं तर तो भाग आधी वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा, बर्फ नको. फोड मोठा असेल, चेहरा किंवा हात भाजला असेल, तर दवाखाना गाठा. घरातल्या मधुमेही माणसाच्या पायाला जखम झाली, तर ती कितीही लहान दिसो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.