इस्लाममधील उपासना

इस्लाम धर्मात उपासनेला ‘इबादत’ म्हणतात. या अरबी शब्दाचे नाते ‘सेवक’ या अर्थाच्या शब्दाशी आहे. त्यामुळे ईश्वराची आज्ञा मानून केलेले प्रत्येक सत्कृत्य, मग तो सचोटीने केलेला व्यापार का असेना, व्यापक अर्थाने इबादतच ठरते. तरीही पाच कर्तव्यांना धर्माचे आधारस्तंभ मानले जाते. कलमा, नमाज, रोजा, जकात आणि हज ही ती पाच कर्तव्ये होत. यांपैकी नमाज व रोजा हे शब्द मुळात फारसी आहेत. अरबीत त्यांना सलात व सौम म्हणतात.

बाहेरून पाहणाऱ्याला या कर्तव्यांत नियमांची काटेकोर चौकट तेवढी दिसते. परंतु त्या चौकटीत माणसाच्या अडचणींनाही स्थान दिलेले आहे, आणि ते ध्यानात घेतल्याखेरीज या उपासनेचे मर्म कळत नाही.

अल्लाहखेरीज कोणीही उपास्य नाही आणि मुहंमद हे त्याचे प्रेषित आहेत, या श्रद्धेचा मनःपूर्वक उच्चार म्हणजे कलमा. उरलेली चारही कर्तव्ये या श्रद्धेवरच उभी आहेत.

नमाज दिवसातून पाच वेळा अदा केली जाते. पहाटे फज्र, माध्यान्हानंतर जुहर, तिसऱ्या प्रहरानंतर अस्र, सूर्यास्त होताच मगरिब आणि रात्री इशा. या वेळा सूर्याच्या गतीवर अवलंबून असल्याने ऋतूप्रमाणे त्या मागेपुढे होतात. नमाजेपूर्वी हात, तोंड, नाक, चेहरा व कोपरापर्यंत बाहू धुऊन, डोक्यावरून ओला हात फिरवून, पाय घोट्यापर्यंत धुतात. यास ‘वजू’ म्हणतात. नमाज पढताना मुख मक्केतील काबागृहाकडे असते. भारतात ती दिशा साधारणतः पश्चिम असल्यामुळे मुसलमान पश्चिमेची पूजा करतात, असा एक गैरसमज आढळतो. वस्तुतः लंडनमधील मुसलमान आग्नेयेकडे, तर इस्तंबूलमधील दक्षिणेकडे वळून उभा राहतो. सामुदायिक नमाजेत लोक खांद्याला खांदा लावून रांगेत उभे राहतात. मालकासाठी पुढची आणि नोकरासाठी मागची जागा राखलेली नसते.

आता सवलती पाहा. पाणी न मिळाल्यास, अथवा पाण्याने आजार बळावणार असल्यास, स्वच्छ मातीवर हात टेकवून ते चेहऱ्यावरून व हातांवरून फिरवले तरी चालते. दूरच्या प्रवासात चार रकातींची, म्हणजे चार आवर्तनांची, नमाज दोन रकातींची होते. ज्याला उभे राहवत नाही त्याने बसून, बसवत नसेल तर पडल्या पडल्या, केवळ खुणेने नमाज अदा करावी.

रमजान महिन्यात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्नपाणी वर्ज्य करणे म्हणजे रोजा. इस्लामी वर्ष चांद्र असून त्यात आपल्या पंचांगासारखा अधिक मास नसतो. म्हणून रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. हिवाळ्यातील आखूड दिवसाचा रोजा आणि विदर्भातील मे महिन्याचा रोजा यांत किती अंतर आहे, हे उन्हात काम करणाऱ्या मजुराला निराळे सांगावे लागत नाही! आजारी माणसाने व प्रवाशाने सुटलेले रोजे पुढे सवडीने भरून काढावेत. ज्याला वार्धक्यामुळे ते कधीच शक्य नाही, त्याने प्रत्येक रोजाबद्दल एका गरिबाला जेवू घालावे. निंदा, खोटे बोलणे व भांडण यांनी रोजाचे मोल उणावते, असे मानले जाते.

जकात ही बहुधा सर्वांत कमी परिचित उपासना. तिचे भाषांतर ‘दान’ असे केले जाते, पण ते अपुरे आहे. दान ऐच्छिक असते. जकात बंधनकारक आहे. ‘शुद्धी’ व ‘वाढ’ हे दोन्ही अर्थ या शब्दात सामावलेले आहेत. कर्ज वजा जाता ज्याच्याकडे ठरावीक मर्यादेइतकी संपत्ती चांद्र वर्षभर राहते, त्याने तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, द्यायचा असतो. ही मर्यादा ओलांडणारी ४,००,००० रुपयांची शिल्लक असल्यास १०,००० रुपये जकात होते. राहते घर, वापरातील कपडे व धंद्याची अवजारे हिशेबात धरत नाहीत. कुराणात जकातीचे आठ प्रकारचे हक्कदार सांगितले आहेत. त्यांत गरीब, कर्जबाजारी आणि अडचणीत सापडलेला प्रवासीही आहे. मात्र स्वतःच्या आईवडिलांना किंवा मुलांना जकात देता येत नाही, कारण त्यांचे पालनपोषण हे वेगळेच कर्तव्य आहे. घेणारा आपला हक्क घेत असल्याने देणाऱ्याने उपकाराची भाषा करणे अनुचित ठरते.

हज आयुष्यात एकदाच, तोही समर्थ व्यक्तीसाठीच अनिवार्य आहे. तो जिल्हिज महिन्यात होतो. या वेळी पुरुष दोन न शिवलेली पांढरी वस्त्रे परिधान करतात. त्यावरून श्रीमंत कोण हे ओळखता येत नाही. काबागृहाभोवती सात प्रदक्षिणा घातल्या जातात, आणि तहानलेल्या बाळासाठी पाणी शोधत धावलेल्या हाजिरा या मातेच्या स्मरणार्थ सफा व मरवा या टेकड्यांदरम्यान सात फेऱ्या होतात. ९ तारखेला अराफातच्या मैदानावर प्रार्थनेत उभे राहणे हा हजचा गाभा होय.

मोगल काळात येथील यात्रेकरू सुरतेहून निघत, म्हणून त्या बंदराला मक्केचे द्वार म्हणत. पुढे मुंबईहून जेद्दाहला जहाजे जात. ती १९९५ मध्ये बंद झाली आणि यात्रा विमानाने होऊ लागली. प्रवास सोपा झाला, तरी सामर्थ्याची अट तीच राहिली. प्रवासखर्चाबरोबर मागे राहणाऱ्या कुटुंबाच्या निर्वाहाचीही तरतूद असावी लागते. ज्याच्याकडे पैसा आहे पण शरीर कायमचे थकले आहे, तो आपल्या वतीने दुसऱ्याला पाठवू शकतो. त्यास ‘हज-ए-बदल’ म्हणतात.