घर उबदार ठेवणारा विस्तव

आपल्याकडे थंडी पडली म्हणजे आपण माणसांस ऊब देतों, घरास देत नाहीं. रग, गोधडी, कानटोपी, सकाळचें कढत पाणी आणि फार झालें तर अंगणांतली शेकोटी, एवढ्यावर देशावरचा हिंवाळा सरतो. कोंकणांत तर तेवढेंही लागत नाहीं. भिंती, जमीन, सामानसुमान हें सारेंच तापवून ठेवावयाचें, ही कल्पनाच आपणांस परकी वाटते. परंतु नॉर्वेसारख्या देशांत घर तापविल्यावांचून त्यांत हिंवाळा काढणेंच अशक्य. आज आपल्यांतील कित्येक कुटुंबांचीं मुलें-सुना नोकरीनिमित्त अशा थंड देशीं राहतात. त्यांनीं पाठविलेल्या छायाचित्रांत दिवाणखान्याच्या कोंपऱ्यांत कधीं कधीं एक काळी लोखंडी पेटी दिसते. ती तेथील लाकडाची चूल. स्वयंपाकाशीं तिचा सहसा संबंध नसतो. घरास ऊब देणें एवढेंच तिचें काम. तिचें तंत्र आमच्या वाचकांनीं समजून घ्यावें असें आम्हांस वाटतें. कारण त्याचा आपल्या घरच्या एका जुन्या चालीशींही निकटचा संबंध आहे.

ज्यांच्या न्हाणीघरांत तांब्याचा बंब तापत असे, त्यांस ही चूल समजावयास वेळ लागणार नाहीं. बंबाच्या पोटांत मधोमध नळी, नळींत विस्तव, खालीं जाळी व राख, वर धूर जावयास तोंड, आणि भोंवतीं पाणी. येथें पाण्याच्या जागीं खोलींतील हवा आहे, इतकाच काय तो फरक. बिडाची जाड पेटी, पुढें कांचेचें दार, हवा आंत घेण्यास झडप, आणि छपरापार गेलेलें धुराडें. बीड तापतें व खोलीभर धग सोडतें. धूर मात्र खोलीस न शिवतां बाहेर जातो.

पूर्वीं युरोपांत भिंतींतल्या उघड्या कोनाड्यांत लाकडें जाळण्याची रीत होती. तें दृश्य शोभिवंत खरें. पण ऊब बहुतेक धुराड्यावाटें आकाशांत जाई, आणि त्या ओढीनें दारां-खिडक्यांच्या फटींतून गार वारा आंत येई. समोर बसलेल्याचें तोंड भाजे व पाठ गारठे. अमेरिकेंत बेंजामिन फ्रँकलिन यांनीं यावर उपाय म्हणून एक लोखंडी चूल योजिली व १७४४ सालीं तिची माहिती देणारी पुस्तिका छापली. पेन्सिल्व्हेनियाच्या गव्हर्नरांनीं तिचें पेटंट देऊं केलें असतां फ्रँकलिन यांनीं तें नाकारलें. दुसऱ्यांच्या शोधांचा लाभ आपण घेतों, मग आपल्या शोधाचा लाभ इतरांस कां घेऊं देऊं नये, असा त्यांचा विचार. मात्र त्या चुलींत धुरास आधीं खालीं उतरून मग वर चढावें लागे, म्हणून ती धूर नीट ओढीत नसे. शोधकर्त्याच्या मनाचा मोठेपणा धुराड्याच्या उपयोगी पडला नाहीं. ती सुधारण्याचें काम पुढें इतरांनीं केलें.

लाकूड जळतें म्हणजे काय होतें, हें एकदां लक्षांत घेतलें कीं बाकीचें सारें सोपें होतें. लाकूड तापलें कीं त्यांतून वायू निघूं लागतात आणि ज्वाळा दिसते ती त्या वायूंची. कोरड्या लाकडाच्या वजनाचा निम्म्याहून पुष्कळ अधिक भाग या वायूंच्या रूपानें बाहेर पडतो. त्यांस पुरेशी उष्णता व हवा मिळाली तर ते जळून ऊब देतात. न मिळाली तर तसेच धुराड्यांतून निघून जातात, आणि त्यालाच आपण धूर म्हणतों. म्हणजे धूर हें वायां गेलेलें सर्पणच होय! यासाठींच नव्या चुलींत ज्वाळेच्या वरच्या अंगासही तापलेली हवा सोडण्याची सोय असते. नॉर्वेंत १९९८ सालापासून नव्या चुलींच्या धुरावर कायद्यानें मर्यादा घातली आहे. तेथें विस्तव पेटविण्याची शिकवणही आपल्या दृष्टीनें उफराटी आहे. मोठीं लाकडें तळाशीं, बारीक ढलप्या माथ्यावर, आणि काडी वरून लावावयाची. मेणबत्तीप्रमाणें विस्तव हळूहळू खालीं उतरतो व खालच्या लाकडांतून निघालेला वायू ज्वाळेंतूनच जात असल्यामुळें जळून जातो. चुलीपुढें जन्म घालविलेली आपली कोणीही आजी हें ऐकून प्रथम हंसेल.

परंतु दुसऱ्या एका गोष्टींत तिचें व नॉर्वेतील गृहस्थाचें तात्काळ जमेल, आणि ती म्हणजे बेगमी. मृगाच्या आधीं सर्पण फोडून, वाळवून, पडवींत रचून ठेवल्याखेरीज जुन्या घरांतील गृहिणीस स्वस्थता नसे. नॉर्वेंत हाच उद्योग थंडीसाठीं चालतो. हिंवाळ्यांत झाड तोडावयाचें, वसंतापूर्वीं फोडावयाचें, उन्हाळाभर वाऱ्या-उन्हांत रचून ठेवावयाचें. ताज्या लाकडाच्या वजनांत सुमारें निम्में पाणीच असतें. तें तसेंच जाळलें तर पांच किलो लाकडामागें अडीच किलो पाणी उकळून घालविण्यांतच बरीचशी आंच खर्च होते. पाणी शेंकडा २० च्या आंत आलें म्हणजे लाकूड जाळण्याजोगें झालें असें धरतात. लाकडें रचण्याविषयीं त्या लोकांची आवड इतकी कीं, फेब्रुवारी १९१३ नव्हे, अगदीं अलीकडे २०१३ सालीं, तेथील सार्वजनिक दूरचित्रवाणीनें सर्पणावर सलग बारा तासांचा कार्यक्रम दाखविला. त्यांत कित्येक तास नुसता जळता विस्तव! आणि प्रेक्षकांच्या तक्रारी आल्या त्या कंटाळ्याच्या नव्हेत; लाकडाची साल वर ठेवून रचावें कीं खालीं, यावरच वाद माजला.

इतकें करूनही काटकसरीच्या भरांत मनुष्य चुकतोच. रात्रीं निजतांना चूल गच्च भरावयाची, हवेची झडप जवळजवळ लावून घ्यावयाची, म्हणजे सकाळपर्यंत विस्तव धुमसत राहील, अशी जुन्या लोकांची रीत होती. सर्पण वांचल्यासारखें वाटे. वस्तुतः तें धुराच्या रूपानें उडून जाई, आणि थंड धुराड्यांत त्याचा डांबरासारखा चिकट थर बसे. एखादे दिवशीं मोठा जाळ झाला कीं तो थरच पेट घेई व छपरास आग लागण्याची वेळ येई. म्हणून धुराडीं तपासणें व झाडणें ही नॉर्वेंत नगरपालिकांचीच जबाबदारी आहे. ओस्लोसारख्या शहरांत हिंवाळ्यांत हवा बिघडविणाऱ्या कारणांत लाकडाच्या धुराचा वांटा मोठा आहे. बर्गेन शहरानें तर २०२१ पासून जुन्या धुरकट चुली वापरण्यासच बंदी केली.

आतां आपल्या घराकडे वळूं. धुराडें असलेली चूल आणि कोळशाची शेगडी यांत धुराड्याएवढेंच अंतर आहे. पण तें अंतर जीवघेणें आहे. कोळशाचे निखारे फुलले म्हणजे धूर दिसत नाहीं, म्हणून शेगडी निर्धोक असें पुष्कळांस वाटतें. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायू निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनास तो प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट घट्ट धरून बसतो. प्रथम डोकें जड होतें, मळमळतें, मग झोंप येते, आणि जवळच्यांस वाटतें कीं ऊब मिळाल्यामुळें डोळा लागला. उत्तर हिंदुस्थानांत बंद खोलींत अंगीठी ठेवून निजलेलीं माणसें सकाळीं उठलींच नाहींत, अशा बातम्या दर हिंवाळ्यांत येतात.

आपल्याकडे बाळंतिणीच्या बाजेखालीं शेगडी ठेवण्याची चाल आहे. वारा लागूं नये म्हणून खिडक्या लावून घेतात, दारास पडदा सोडतात, आणि त्या कोंडलेल्या खोलींत चार-आठ दिवसांचें मूल व अशक्त झालेली आई निखाऱ्यांवर निजतात. हेतु मायेचा, यांत शंका नाहीं. परंतु त्या खोलींतून तो वायू बाहेर जावयास वाट कोठें आहे? बाळंतिणीनें डोकें दुखत असल्याचें सांगितलें तर तें अशक्तपणावर ढकललें जातें, आणि मूल तर सांगूंच शकत नाहीं. घरांतील वडीलधाऱ्या बायकांस आमची विनंती आहे कीं, शेगडी खोलींत आणूं नये. ओवा-वावडिंगाची धुरी द्यावयाची असली तरी निखारे खोलीबाहेर असावेत. शेक द्यावयाचाच तर शेगडी मागील अंगणांत पेटवावी, फडकें तेथें तापवावें, स्वतःच्या गालास लावून पाहावें आणि मग आंत न्यावें. अथवा रबरी पिशवींत कढत पाणी भरून ती फडक्यांत गुंडाळून बाळंतिणीच्या पाठीशीं ठेवावी, मुलाच्या अंगाशीं ठेवूं नये.