चुकलेली पाळी आणि हातचे गेलेले आठवडे

असुरक्षित गर्भपातात स्त्रीचा जीव जातो तो मुख्यतः अतिरक्तस्राव, जंतुसंसर्ग किंवा गर्भाशयाला पडलेले भोक यांमुळे. काडी, मुळी किंवा तार गर्भाशयाच्या तोंडातून आत सरकवली की तिच्याबरोबर जंतूही आत जातात. वारेचा एखादा तुकडा आत राहिला, तर त्यावर ते झपाट्याने वाढतात. लवकरच थंडी वाजून ताप येतो, ओटीपोट दुखते, स्रावाला दुर्गंधी येते. पुढे संसर्ग रक्तात उतरतो, रक्तदाब कोसळतो, लघवी कमी होत जाते आणि मूत्रपिंडे निकामी होतात. ताप चढू लागताच रुग्णालय गाठले, तर गर्भपिशवी रिकामी करून आणि प्रतिजैविके देऊन बहुतेक स्त्रिया वाचतात. अविवाहित मुलगी नेमका हाच काळ घरच्यांपासून ताप लपवण्यात घालवते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ७ कोटी ३० लाख गर्भपात केले जातात आणि त्यांतले जवळपास ४५ टक्के असुरक्षित असतात. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत १ लाख असुरक्षित गर्भपातांमागे ५०० हून अधिक स्त्रिया दगावतात. विकसित प्रदेशांत हाच आकडा ३० च्या आसपास आहे.

कायद्याचा या मृत्यूंशी किती थेट संबंध असतो, हे रुमानियाइतके स्पष्ट कुठेच दिसलेले नाही. लोकसंख्या वाढवण्यासाठी तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याने १९६६ मध्ये गर्भपातावर जवळपास पूर्ण बंदी घातली. १९८९ पर्यंत तिथला मातामृत्यूंचा दर १ लाख जन्मांमागे सुमारे १७० वर गेला. हे बहुतेक मृत्यू गर्भपाताचेच होते. डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळली, बंदी उठली, आणि १९९० मध्ये हा दर निम्म्यावर आला. त्या एका वर्षात कोणतेही नवे औषध सापडले नव्हते.

गर्भपाताच्या गोळ्यांचे श्रेय सहसा मिफेप्रिस्टोनवर काम करणाऱ्या एत्येन-एमिल बोलिए या फ्रेंच शास्त्रज्ञाला दिले जाते, आणि ते रास्तच आहे. पण दुसऱ्या गोळीची, मिसोप्रोस्टॉलची, गोष्ट सांगताना ब्राझीलमधल्या अनाम स्त्रियांचा उल्लेख राहून जातो. पोटातल्या अल्सरवरचे औषध म्हणून ही गोळी १९८६ च्या सुमारास तिथल्या दुकानांत आली. गर्भवतींनी ती घेऊ नये, अशी सूचना होती. तिथे गर्भपाताला कायद्याची परवानगी जवळजवळ नव्हतीच. गरीब स्त्रियांनी त्या सूचनेचा उलटा अर्थ ओळखला आणि गोळीची माहिती तोंडोतोंडी पसरवली. गोळी गर्भाशयाचे तोंड मऊ करते आणि कळा आणते. आत काहीही खुपसावे लागत नाही. त्यानंतर रुग्णालयात येणाऱ्या स्त्रियांना रक्तस्राव होत असे, पण आधीसारखे भीषण संसर्ग कमी झाल्याचे तिथल्या डॉक्टरांना दिसू लागले. सरकारने १९९१ मध्ये विक्रीवर निर्बंध घातले. २००५ मध्ये मात्र जागतिक आरोग्य संघटनेने या दोन्ही गोळ्यांची जोडी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. या स्त्रियांची नोंद वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत व्हायलाच हवी.

भारतात बेकायदा गर्भपातांत होणारे मृत्यू पाहून १९६४ मध्ये समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह. तिच्या शिफारशींतून १९७१ चा गर्भपात कायदा झाला. २०१५ या वर्षासाठी केलेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले; त्यांतले ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन. काडी किंवा मुळीसारखे खरोखर जीवघेणे उपाय सुमारे ५ टक्के. कायद्याच्या चौकटीबाहेरचा प्रत्येक गर्भपात सारखाच घातक मानणाऱ्या बातम्या हा फरक पुसून टाकतात.

महाराष्ट्रात एक वेगळाच गोंधळ झाला. मुलींचे घटते प्रमाण पाहून २०१२ च्या सुमारास लिंगनिवडीविरुद्धची कारवाई कडक झाली आणि तिचा धाक बसून अनेक मेडिकलवाल्यांनी या दोन गोळ्यांचे ‘एमटीपी किट’ ठेवणेच सोडले. वास्तविक या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच वापरायच्या असतात आणि सोनोग्राफीत लिंग खात्रीने कळते ते बाराव्या आठवड्यानंतर. गोळी न मिळाल्याने लिंगनिवड थांबत नाही. उलट सुरुवातीचे सुरक्षित आठवडे वाया जातात.

हे आठवडे सर्वांत जास्त गमावतात त्या किशोरवयीन मुली. पाळी आधीच अनियमित, त्यामुळे दिवस गेल्याचे उशिरा कळते. हाती पैसे नसतात. अठरा वर्षांखालील मुलीला पालकाची लेखी संमती लागते, शिवाय बाललैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्यामुळे डॉक्टरला पोलिसांना कळवावे लागते. पोलिसांच्या भीतीने मुली दवाखानाच टाळतात. मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास तिचे नाव उघड करण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट केले. प्रौढ स्त्रीला तर स्वतःची संमती पुरते. तरीही अनेक ठिकाणी नवऱ्याची सही मागितली जाते. ही मागणी कायद्यात कुठेही नाही.

अर्धवट गर्भपात होऊन आलेल्या स्त्रीवरचे उपचार सोपे आहेत. हाताने चालवायच्या निर्वात पिचकारीने पिशवी काही मिनिटांत रिकामी होते. त्यासाठी वीजही लागत नाही, त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रातला प्रशिक्षित डॉक्टर ते करू शकतो. गोळ्या घेतल्यावर सलग दोन तास दर तासाला दोन पॅड भिजत असतील किंवा ताप दिवसभरात उतरत नसेल, तर थांबू नये. गर्भपातानंतर अवघ्या आठ-दहा दिवसांतही पुन्हा बीज बाहेर पडू शकते. म्हणून गर्भनिरोधकाची चर्चा त्याच भेटीत उरकावी लागते.