सर्व्हरवरील मेमरीची मर्यादा

युनिक्स घराण्यातील यंत्रणांमध्ये प्रत्येक प्रोसेसच्या मेमरीला मर्यादा घालता येते. त्यासाठीचा 'सेटआरलिमिट' हा सिस्टिम कॉल १९८३ च्या ४.२ बीएसडीमध्ये आला. मर्यादेचे आकडे दोन असतात, सॉफ्ट आणि हार्ड. सॉफ्ट आकडा प्रोसेसला स्वतःच हार्डपर्यंत वाढवता येतो. हार्ड आकडा साध्या यूजरने एकदा खाली आणला की त्याला तो पुन्हा वर नेता येत नाही. शेलमध्ये 'यूलिमिट'ने घातलेली मर्यादा त्या शेलमधून सुरू झालेल्या प्रत्येक प्रोग्रामला लागू होते.

ही मर्यादा नेमके काय मोजते, इथेच पुष्कळांची गल्लत होते. लिनक्सवर यूलिमिटचा 'व्ही' पर्याय मोजतो तो अ‍ॅड्रेस स्पेस, म्हणजे प्रोसेसने मागून ठेवलेली जागा. कर्नल ती सहसा फक्त नोंदवून ठेवतो. रॅममधले ४ केबीचे पान हाती पडते ते त्या जागेला पहिल्यांदा हात लागल्यावरच. जावाचा प्रोग्राम काही जीबी राखून ठेवतो आणि प्रत्यक्षात काही शे एमबीच वापरतो. त्याला ही मर्यादा लावली तर रॅम मोकळी असूनही तो सुरूच होत नाही. रॅम मोजणारी मर्यादाही यादीत आहे, पण आजचा लिनक्स तिच्याकडे लक्ष देत नाही.

दुसरी अडचण बेरजेची. समजा, ८ जीबीच्या मशीनवर २ जीबी घेणारा डेटाबेस आहे आणि वेब सर्व्हरचे ४० वर्कर. प्रत्येक वर्करला २०० एमबीची मर्यादा आहे. वर्कर हळूहळू फुगत १५० एमबीवर पोचतात. मर्यादा कुणीच ओलांडलेली नाही, तरी रॅम संपते. मग कर्नलचा 'ओओएम किलर' जागा होतो. तो मुख्यतः कोणी किती मेमरी धरली आहे ते पाहतो, आणि काहीही चूक नसताना डेटाबेस मारला जातो. लॉगमध्ये नावही डेटाबेसचेच येते, त्यामुळे शोध भलत्याच दिशेने सुरू होतो.

यावरचा खरा उपाय सीग्रुप. २००८ मध्ये तो लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये आला. त्यात मर्यादा पडते ती अख्ख्या गटाच्या प्रत्यक्ष वापरावर. सिस्टिमडीमध्ये त्यासाठी सर्व्हिसच्या फाइलीत दोन ओळी लिहितात: 'मेमरीहाय' ओलांडली की कर्नल त्या गटाचा वेग कमी करून पाने परत घेऊ लागतो, 'मेमरीमॅक्स'ला पोचूनही जागा सुटली नाही, तर त्याच गटातली प्रोसेस मारली जाते. या हिशोबात फाइलींचा कॅशही धरला जातो, म्हणून आकडा मर्यादेजवळ दिसला तरी लगेच घाबरण्याचे कारण नाही.

आकडा अंदाजाने टाकू नये. रात्रीचा बॅकअप आणि महिनाअखेरची गर्दी धरून सर्वाधिक वापर किती होतो ते पाहावे आणि त्यावर थोडी मोकळीक ठेवावी. आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. गटातली एक प्रोसेस ओओएममध्ये मेली की सिस्टिमडी मुळात ती सर्व्हिस पूर्णच थांबवते. एका वर्करपायी साइट बंद पडू द्यायची नसेल, तर 'ओओएमपॉलिसी' ही ओळ 'कंटिन्यू' करून ठेवावी.