जिराफाच्या वाटेकडे डोळे लावलेलं गोरेवाडा

नागपूरकराला वाघाचं अप्रूप तसं नाही. उमरेड-कऱ्हांडला जवळच, पेंच दीड-दोन तासांवर, आणि पहाटे गाडी काढली की ताडोबाची दुपारची फेरी सहज गाठता येते. शहर स्वतःला ‘व्याघ्र राजधानी’ म्हणवून घेतं आणि बाहेरून आलेल्या पाहुण्यांना पुन्हा पुन्हा ऐकवतंही. तरी सुटीच्या दिवशी काटोल रस्त्याच्या बाजूला गोरेवाड्याकडे गाड्या वळतातच. ताडोबात चार फेऱ्या करूनही वाघ दिसेल याची खात्री नसते. शिवाय जिप्सीचं भाडं, मुक्काम आणि ऑनलाइन बुकिंगची मारामारी साध्या घराला झेपण्यातली नाही. इथे बसचं तिकीट काढलं की दोनेक तासांत वाघ, बिबट, अस्वल पाहून माणूस जेवायला घरी पोचतो.

बाळासाहेब ठाकरे गोरेवाडा आंतरराष्ट्रीय प्राणी उद्यान, हे त्याचं पाटीवरचं नाव. बोलताना सगळे नुसतं गोरेवाडाच म्हणतात. 26 जानेवारी 2021 रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी इथल्या ‘इंडियन सफारी’चं उद्घाटन केलं. तेव्हापासून नागपूरकर एकच प्रश्न विचारतोय, बाकीचं कधी?

कारण आज जे उघडं आहे तो मोठ्या आराखड्याचा एक तुकडा आहे. प्रकल्पाचा एकूण पसारा सुमारे 1914 हेक्टरांचा. आराखडा केला तो सिंगापूरच्या बर्नार्ड हॅरिसन यांच्या संस्थेनं. हे गृहस्थ सिंगापूरच्या प्राणीसंग्रहालयाचे प्रमुख होते आणि 1994 मध्ये तिथे सुरू झालेल्या नाइट सफारीमागे त्यांचाच हात होता. त्यामुळे गोरेवाड्याच्या कागदावर इंडियन सफारी आहे, आफ्रिकन सफारी आहे, जैवउद्यान आहे आणि नाइट सफारीही आहे. उद्घाटनाच्या काळात त्यात गोंडवाना थीम पार्कच्या घोषणेची भर पडली. एवढ्यातलं बसमधून दिसतं ते फक्त पहिलं.

भागीदारीची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. जमीन वन विकास महामंडळाची. पैसा आणि पर्यटनाचा अनुभव यांसाठी महामंडळानं हात मिळवला तो एस्सेल वर्ल्डशी. मुंबईच्या गोराईतलं, 1989 मध्ये सुरू झालेलं, एका पिढीच्या शाळेच्या सहलींचं एस्सेल वर्ल्ड तेच हे. पाळणे आणि रोलर कोस्टर चालवणारी कंपनी वाघ-बिबट्यांच्या सफारीत आली, तेव्हा इथल्या प्राणीमित्रांच्या भुवया उंचावल्या होत्या आणि सहलीला जाणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ही भागीदारी शेवटपर्यंत टिकली नाही. दरम्यान गोराईतलं मूळ उद्यानही बंद पडलं. त्यानंतर 2025 मध्ये आफ्रिकन सफारीचं काम एनबीसीसी या केंद्र सरकारच्या बांधकाम कंपनीकडे सोपवण्याचा करार झाला आणि जिराफ, झेब्रा हे शब्द पुन्हा वर्तमानपत्रांत दिसू लागले.

चौकाचौकांतल्या चहाच्या टपरीवर या बातमीचे दोन अर्थ निघतात. ‘आता होतेच बावा, पोरांना जिराफ दाखवू’ हा एक. ‘फुटाळ्याचं कारंजं झालं का अगोदर?’ हा दुसरा. दुसऱ्याकडे दाखवायला पुरावे भरपूर. फुटाळा तलावावर संगीत कारंजं उभं राहिलं, प्रेक्षकांसाठी बैठका बांधल्या, 2022 मध्ये चाचणीचे खेळही झाले. मग पाणथळ जागेचा प्रश्न न्यायालयात गेला आणि मोकळ्या बैठका पाहतच संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांनी वर्षं काढली. अंबाझरी उद्यानात मनोरंजन पार्क होणार म्हणून जागा खासगी कंपनीच्या हाती गेली. 2021 मध्ये तिथलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन पाडलं गेलं आणि शहरानं दीर्घ आंदोलन पाहिलं. त्याच अंबाझरीजवळचं क्रेझी कॅसल, जिथे उन्हाळ्याच्या सुट्टीत सारं नागपूर पाण्यात डुंबायचं, तेही राहिलं नाही. तेव्हा ‘भव्य’, ‘जागतिक दर्जाचं’ हे शब्द ऐकले की नागपूरकर आधी तारीख विचारतो. अनुभवानं आलेला हा हिशेबीपणा आहे, त्याला नकारघंटा म्हणता येणार नाही.

आता उघड्या सफारीकडे वळू. जाळीच्या खिडक्यांची बस पहिल्या फाटकातून आत शिरते आणि थांबते. मागचं फाटक बंद झाल्याशिवाय पुढचं उघडत नाही. या दोन फाटकांच्या मधल्या मिनिटभरात बसमधला गलबला आपोआप कमी होतो. मुलं आईच्या मांडीवरून उठून खिडकीला नाक लावतात. प्रत्येक प्राण्याचं क्षेत्र वेगळं, म्हणून हा फाटकांचा खेळ फेरीत पुन्हा पुन्हा होतो. तृणभक्षींच्या भागात चितळ, नीलगायी बसकडे ढुंकूनही पाहत नाहीत. बिबट्याच्या भागात कुंपण उंच, कारण हा गडी झाडावरून आणि भिंतीवरून कुठेही जाऊ शकतो. अस्वल बहुधा पाठमोरं. आणि वाघ? मे महिन्यात गेलात तर तो पाण्याच्या टाक्यात मानेपर्यंत बुडून बसलेला असण्याची शक्यता जास्त. नागपूरचा पारा 47 अंशांपर्यंत चढतो, तेव्हा त्याचंही चुकत नाही.

पहिल्या तुकडीत सफारीत सोडलेल्या वाघाचं नाव राजकुमार. भंडारा जिल्ह्यात एका लग्नाच्या गर्दीत हा शिरला होता, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. वऱ्हाडी मंडळींचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. पण गोरेवाड्याचा गाभा या कथेत आहे. इथला वाघ बहुतेकदा दुसऱ्या प्राणीसंग्रहालयातून अदलाबदलीत आलेला नसतो. तो विदर्भातल्याच कुठल्या तरी शिवारातून पकडून आणलेला असतो.

सफारीच्या बसला जिथे वळता येत नाही असा गोरेवाड्याचा एक भाग आहे, तो म्हणजे बचाव केंद्र. 2015 मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात माणसाशी भांडण झालेले, विहिरीत पडलेले, आईपासून तुटलेले, सापळ्यात पाय गमावलेले प्राणी येतात. राजुरा परिसरात दहशत बसवणारा आरटी-1 हा वाघ 2020 मध्ये इथेच आणला गेला. वडसा भागात तेरा माणसांचे बळी घेतलेला सीटी-1 2022 मध्ये पकडल्यावर इथेच आला. ‘साहेबराव’ या वाघाची गोष्ट तर कादंबरीत शोभावी अशी आहे. शिकाऱ्यांच्या सापळ्यात अडकून त्याचा पुढचा पंजा गेला. नागपूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. सुश्रुत बाभूळकर यांच्या पुढाकारानं 2020 मध्ये त्याला कृत्रिम पंजा बसवण्याचा प्रयत्न झाला. जगभर बातमी झाली. शुद्धीवर येताच साहेबरावनं तो पंजा झटकून टाकला. वाघाला फिजिओथेरपीच्या सूचना कोण देणार? प्रयोग फसला असं म्हणता येईल. पण जायबंदी वाघासाठी हाडांचे डॉक्टर, वन्यजीव वैद्य आणि अभियंते एका टेबलाभोवती बसतात असं ठिकाण देशात फार नाही, आणि ते नागपुरात आहे. पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्रही याच गोरेवाड्यात आहे.

याच बचाव केंद्रावर डिसेंबर 2024 मध्ये घाला आला. चंद्रपूरकडून संघर्षानंतर आणलेले तीन वाघ आणि एक बिबट्या पाठोपाठ दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेनं निदान केलं, बर्ड फ्लू. पक्ष्यांचा आजार वाघाला झाला ही बातमी साऱ्या देशानं वाचली आणि संशयाची सुई कोंबडीच्या मांसाकडे गेली. पर्यटकांसाठी फाटकं काही काळ बंद झाली. विस्ताराच्या बाजूनं बोलणारेही तेव्हा जरा थबकले. ताटात काय पडतं यावर लक्ष ठेवणारी यंत्रणा मजबूत नसेल तर नवे पिंजरे कशाला, असं विचारणाऱ्यांमध्ये वन्यजीव क्षेत्रातली माणसं होती, तशी दर महिन्याला मुलांना घेऊन येणारी घरंही होती.

आफ्रिकन सफारीबद्दलची हौस मला समजते. जिराफ दूरदर्शनवर पाहणं आणि पंधरा-अठरा फुटांचा जिवंत प्राणी बसच्या छतावरून मान काढताना पाहणं यात फरक आहे. त्याला खायलाही इथे तोटा नाही. आफ्रिकेत तो बाभळीच्या जातीच्या काटेरी झाडांचा पाला खातो आणि विदर्भाच्या बांधाबांधावर बाभूळ उभी आहे. (बाभळीला इतके चांगले दिवस येतील असं आपल्या शेतकऱ्याला कधी वाटलं नसेल.) शिवाय आर्थिक बाजू आहेच. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला. अमरावती, वर्धा, अगदी अकोल्याचं कुटुंब एका दिवसात येऊन जाऊ शकतं. सफारी मोठी झाली तर वाहनचालक, मार्गदर्शक, खानावळी, गोरेवाडा-काटोल रस्त्यावरचे धंदे यांना काम मिळेल. या भागातल्या तरुणांची ही अपेक्षा रास्त आहे.

पण परदेशी प्राणी आणण्याचा आपला इतिहास एका शब्दात मावत नाही. मुंबईच्या राणीच्या बागेत 2016 मध्ये पेंग्विन आले. काही महिन्यांत एक मेला, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. पुढे ते रुळले, पिल्लंही झाली, आणि राणीच्या बागेची गर्दी वाढली. म्हणजे काळजी घेतली तर जमतं. उलट दिल्लीच्या प्राणीसंग्रहालयातला शंकर पाहा. झिम्बाब्वेनं राष्ट्रपती शंकरदयाळ शर्मा यांना भेट दिलेला हा आफ्रिकन हत्ती. जोडीदारीण गेल्यावर अनेक वर्षं एकटा राहिला आणि सप्टेंबर 2025 मध्ये गेला. कळपात राहणारा प्राणी एकटा पडला, की त्याची पिढी तिथेच संपते. सिंहांचीही एक अडचण आहे. आशियाई आणि आफ्रिकी सिंहांचा संकर होऊ देण्याची चूक आपल्या काही संग्रहालयांनी पूर्वी केली. पंजाबच्या छतबीरमधली ती सरमिसळ निस्तरायला मग सिंहांचं प्रजननच थांबवावं लागलं. आफ्रिकन सफारीत सिंह येणार असतील तर त्यांची जागा, नोंदवही आणि कुंपण वेगळंच हवं.

मग पाण्याचा मुद्दा. गोरेवाडा तलाव शंभर वर्षांहून जुना आहे, नागपूरच्या पिण्याच्या पाण्याशी बांधलेला. पेंचचं पाणीही आज शुद्ध होण्यासाठी गोरेवाड्यालाच येतं. तलावाच्या भोवतालच्या जंगलात बिबटे मोकळे फिरतात, तिथल्या निसर्गवाटेवर सायकलवाले जातात, पक्षीनिरीक्षक दुर्बिणी घेऊन बसतात. सफारीच्या आफ्रिकी जिराफाच्या हौसेपेक्षा हे जंगल गमावण्याची भीती त्यांना जास्त आहे. सायकल दामटून आल्यावर तर्री-पोह्यांच्या प्लेटीवर ही मंडळी जे बोलतात त्याचा गोषवारा एवढाच: हवं ते करा, पण रस्ते, वाहनतळ आणि हॉटेलांच्या नावाखाली झाडं नेऊ नका.

नावाचा वादही अजून पुरता विझलेला नाही. 2021 मध्ये उद्घाटनाच्या वेळी आदिवासी संघटनांनी निदर्शनं केली होती. उद्यानाला गोंडवाना हे नाव हवं, अशी त्यांची मागणी होती. त्यांचा मुद्दा सोपा होता. नागपूर वसवलं ते गोंड राजा बख्त बुलंद शहानं, आणि या मातीतल्या जंगलाशी पिढ्यान्‌पिढ्या नातं राखलं ते गोंडांनी. गोंडवाना थीम पार्कच्या घोषणेला त्यांच्या लेखी म्हणूनच वजन आहे. आफ्रिकेतले प्राणी आणि परदेशी तज्ज्ञांचा आराखडा यांच्यावर चर्चा होते, आणि इथल्याच माणसांच्या घरांचं, देवांचं, चित्रांचं दालन यादीत मागे पडतं, हे खटकण्यासारखं आहे. आराखड्यात काय आधी बांधावं असं मला कुणी विचारलं तर जिराफाच्या आधी हे दालन मी वर घेईन. त्यासाठी समुद्रापलीकडून काही आणावं लागत नाही.

आणि त्याहीआधी बचाव केंद्राचा विस्तार. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, यवतमाळ या जिल्ह्यांत माणूस आणि वाघ एकमेकांच्या वाटेत येत राहणार, पकडलेले प्राणी येत राहणार, आणि त्यांचा उरलेला जन्म इथेच जाणार. त्यांना मोठे बंदिस्त पट्टे, वेगळी विलगीकरणाची व्यवस्था, पशुवैद्यांची भरती आणि तपासलेलं मांस लागतं. हे दिसायला आकर्षक नाही, फीत कापायलाही फारसं चांगलं नाही. पण विस्ताराचं मोजमाप करायचंच तर जातींची संख्या न मोजता, केंद्रात आलेल्या प्राण्यांपैकी किती वाचले हे मोजावं. आफ्रिकेचा झेब्रा पाहायला येणाऱ्यांचं तिकीट या कामाला पैसा देऊ शकत असेल, तर झेब्र्याचंही मनापासून स्वागत.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सकाळची पहिली बस गाठा, उन्ह चढल्यावर प्राणी सावलीला जातात. बसमध्ये जाळीच्या बाजूची जागा मुलांना द्या आणि त्यांना बाहेर हात काढू देऊ नका. पाण्याची बाटली आपली न्या, रिकामी परत आणा. सफारी संपल्यावर वेळ असेल तर निसर्गवाटेच्या सायकली किंवा जिप्सीची चौकशी करा, तलावाकाठचे पक्षी हिवाळ्यात पाहण्यासारखे असतात. आणि मार्गदर्शकाला एक प्रश्न जरूर विचारा, समोरचा वाघ कुठल्या गावचा आहे?